हद्दीबाहेरच्या गावाने शहराच्या वाढीत आपला शब्द कधी आणि कसा घालावा?

शिवेवरचा (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. आमचे गाव दक्षिण सोलापूर तालुक्यात, महापालिकेच्या हद्दीला अगदी लागून आहे. गावाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण शहराच्या चारही अंगांच्या गावांची थोड्याफार फरकाने हीच गत आहे. काही वर्षांपूर्वीपर्यंत जिथे ज्वारी आणि तूर उभी असायची त्या रानांत आता चुना फासलेले दगड उभे आहेत. काही ले-आउट रीतसर बिगरशेती होऊन मंजूर झालेले आहेत, तर काही ठिकाणी गुंठा-दोन गुंठ्यांचे तुकडे नुसत्या नोटरीवर विकले गेले आहेत. एका प्लॉटिंगमध्ये तर शिवारातला ओढा मुरूम टाकून बुजवला आणि वरून रस्ता काढताना खाली दोन फुटी सिमेंटचा पाइप घातला. पावसाळ्यात ज्या ओढ्यात उतरायला बैल कचरत असत, त्याचे सगळे पाणी या पाइपातून जाईल असे तो घालणाऱ्याला खरेच वाटले असेल का, हे कळायला मार्ग नाही.

शहराची पुन्हा हद्दवाढ होणार अशी चर्चा अधूनमधून उठते आणि विरते. गावात त्यावरून दोन तट आहेत. एकाचे म्हणणे असे की महापालिकेत गेल्याशिवाय उजनीचे पाणी आणि ड्रेनेज मिळणार नाही. दुसऱ्याचे म्हणणे असे की कर वाढेल, जमिनींवर आरक्षणे पडतील, म्हणजे त्या शाळा, बाग, रस्ता अशा कामांसाठी राखून ठेवल्या जातील, आणि पाणी मात्र येणार नाही. मला या वादाचा निकाल येथे लावायचा नाही. हद्दवाढ होवो अथवा न होवो, शहर आमच्या अंगावर येतेच आहे; तेव्हा रस्ते कुठून जावेत, ओढा कसा राहावा, शाळा आणि बाजार कुठे असावा याबद्दल गावाने आपले म्हणणे आधीच तयार करून ठेवावे, असा विचार ग्रामसभेत निघाला आहे.

माझे प्रश्न असे. गावाने तयार केलेल्या अशा म्हणण्याला कायद्यात काही जागा आहे काय, आणि असल्यास ते कोणत्या टप्प्यावर द्यावे? ग्रामसभेला येणारे चेहरे ठरलेले असतात; जे येत नाहीत त्यांचे म्हणणे त्यात कसे यावे? आणि १९९२ च्या हद्दवाढीत जी गावे शहरात गेली, तिथल्या लोकांनी आज मागे वळून पाहता तेव्हा काय मागून घेतले असते?

निवृत्त नगररचनाकार

आपण हा प्रश्न वेळेवर विचारला आहे, आणि हे मी शिष्टाचार म्हणून म्हणत नाही. माझी सारी नोकरी नगररचनेच्या कामात गेली. माणसे हातात विकास आराखड्याची, म्हणजे कोणती जमीन कशासाठी वापरायची ते ठरवणाऱ्या नकाशाची, प्रत घेऊन सुनावणीला येतात तोवर त्यावरच्या बहुतेक रेषा मनाने पक्क्या झालेल्या असतात, कारण एक रस्ता हलवला की त्याच्या दोन्ही बाजूंची आरक्षणे हलतात आणि ज्यांच्या जमिनीवर तो नव्याने येतो त्यांना हरकतीची संधीच मिळालेली नसते. म्हणून सुनावणीत बदल होतात ते बहुधा एखाद्या गटापुरते; आराखड्याचा सांगाडा तसाच राहतो.

आपण ज्या दोन गोष्टी एकत्र धरल्या आहेत त्या कायद्याने वेगळ्या आहेत. हद्दवाढ महानगरपालिका अधिनियमाखाली राज्य शासन करते. त्यासाठी प्रारूप अधिसूचना काढून हरकती मागवल्या जातात. ग्रामसभेचा ठराव शासनावर बंधनकारक नसतो, परंतु तो अभिलेखात राहतो आणि पुढे न्यायालयात गेल्यास उपयोगी पडतो. विकास आराखडा मात्र महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खाली होतो. त्यातील कलम २३ नुसार आराखडा करण्याचा इरादा जाहीर होतो, कलम २५ नुसार जमिनीच्या सध्याच्या वापराचे सर्वेक्षण होऊन नकाशा तयार होतो, कलम २६ नुसार प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो, आणि त्यावरील हरकती कलम २८ खालच्या नियोजन समितीपुढे ऐकल्या जातात. या समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. त्यानंतर मंजुरीसाठी आराखडा शासनाकडे जातो. मंजूर झालेल्या आराखड्याची किमान २० वर्षांतून एकदा सुधारणा करावी, असे कलम ३८ सांगते. म्हणजे एक संधी हुकली तर पुढची येईपर्यंत घरातली एक पिढी हाताशी येते.

आता मुद्द्याची गोष्ट. कलम २३ च्या टप्प्यावरच लोकांकडून सूचना मागवायच्या असतात, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्या वेळी कोणाच्या जमिनीवर आरक्षण दिसत नसते, म्हणून कोणी फिरकत नाही. आणि पुढे आरक्षणे दिसू लागली की सगळे एकदम येतात. आपल्या गावाने आपले म्हणणे द्यायचे असेल तर ते इराद्याच्या वेळी द्यावे, आणि सर्वेक्षणाच्या वेळी गावातली दोन-तीन जाणती माणसे सर्वेक्षकांबरोबर प्रत्यक्ष शिवारात फिरवावीत. उन्हाळ्यात आलेल्या सर्वेक्षकाला कोरडा ओढा हा पडीक जमिनीचा पट्टा वाटू शकतो, पाणंद हा बांध वाटू शकतो आणि जत्रेचे मैदान ही मोकळी जागा वाटू शकते. तिथे चूक झाली की ती प्रत्येक पुढच्या नकाशात उतरते. मुंबईचा फेब्रुवारी २०१५ मधला प्रारूप आराखडा अशाच चुकांमुळे गाजला होता. उभ्या इमारती, प्रार्थनास्थळे आणि जुन्या वास्तू यांची नोंदच धड नसल्याने इतका गदारोळ झाला की एप्रिल २०१५ मध्ये तो बाजूला ठेवून नव्याने करावा लागला आणि अंतिम मंजुरीला २०१८ साल उजाडले.

आणखी एक गोष्ट आपण ठरावात अवश्य विचारावी, ती म्हणजे शहराला बाहेर पसरण्याची गरज नेमकी किती आहे. १९९२ च्या हद्दवाढीने सुमारे ३३ चौरस किलोमीटरचे सोलापूर सुमारे १७८ चौरस किलोमीटरचे झाले. २००१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ८,७२,४७८ होती आणि २०११ मध्ये ती ९,५१,५५८ झाली, म्हणजे दहा वर्षांत वाढ झाली ती जेमतेम नऊ टक्क्यांची. दर चौरस किलोमीटरला सरासरी ५,३०० माणसे हे दाट वस्तीचे लक्षण नव्हे. गावठाण आणि पेठा खच्चून भरलेल्या असताना हद्दीच्या आतच प्लॉट वर्षानुवर्षे रिकामे पडून आहेत, आणि तरीही नवे प्लॉटिंग हद्दीबाहेर होते, कारण तिथे जमीन स्वस्त आणि अटी सैल असतात. विरळ वस्तीला पाण्याचा पाइप, दिवाबत्ती आणि बस यांचा दर घरामागे खर्च जास्त येतो, आणि तो शेवटी सगळ्यांच्या करातून जातो. मला विचाराल तर आधी आतली पोकळी भरावी. पण हे माझे मत झाले, गावाने ते मानलेच पाहिजे असे नाही.

हद्दवाढकर

१९९२ मध्ये जी गावे शहरात आली त्यांतल्या एका गावचा मी. आमच्याकडे आजही पत्ता सांगताना 'हद्दवाढ भाग' असेच म्हणतात, यावरून आपण शहरात किती मुरलो याचा अंदाज यावा.

वरच्या साहेबांनी कायदा सांगितला, मी अनुभव सांगतो. महापालिकेत गेलो तेव्हा आधी कर आला, मग नळ आला, आणि ड्रेनेजची वाट पाहण्यात पोरे मोठी झाली. घराघरात शोषखड्डे, आणि काळ्या जमिनीत पाणी मुरता मुरत नाही, त्यामुळे पावसाळ्यात ते वर यायचे. नळ आला तरी त्याला पाणी काही दिवसांआड, तेही कधी पहाटे तर कधी भर रात्री. उजनी धरण १९८० पासून उभे आहे, पण तिथून पाणी आणणे वेगळे आणि ते शेवटच्या गल्लीपर्यंत पोचवणे वेगळे. शहराची हद्द नकाशावर एका अधिसूचनेने वाढते, पण पाण्याच्या टाक्या आणि वाहिन्या तशा वाढत नाहीत. म्हणून कराबाबत आधी नीट माहिती घ्या. नव्याने आलेल्या भागाला कर एकदम पूर्ण लावायचा नसतो, टप्प्याटप्प्याने वाढवायचा असतो, अशी कायद्यात सोय आहे. पण सोयींचा असा टप्पा कुठेच लिहिलेला नसतो, आणि मागायचे असेल तर नेमके हेच मागा: कराच्या प्रत्येक टप्प्याबरोबर कोणती सोय येणार ते सालवार लिहून द्या.

याचा राग फक्त आम्हालाच आला असे नाही. पुण्यात २०१७ मध्ये महापालिकेत गेलेली फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे कर आणि सोयी यांवरून इतकी तापली की २०२४ मध्ये ती वगळून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली. कोल्हापुरात तर भोवतालच्या गावांनी वर्षानुवर्षे हद्दवाढ होऊच दिली नाही; शेवटी २०१७ मध्ये ४२ गावांसाठी वेगळे प्राधिकरण काढावे लागले, आणि त्याने दोन्हीकडचे किती समाधान झाले ते कोल्हापूरकरांनाच विचारावे. सांगायचे इतकेच की नुसते 'नको' म्हणणाऱ्या गावालाही शहर टळत नाही.

आता मागून काय घेतले असते, ते सांगतो. मंजूर ले-आउटमध्ये दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. आमच्या भागातल्या एका ले-आउटमध्ये ती कागदावर आजही आहे. प्रत्यक्षात आधी तिला तारेचे कुंपण पडले, मग लोखंडी फाटक बसले, फाटकाला कुलूप लागले, आणि कुलपाची किल्ली कोणाकडे आहे हे सगळ्यांना ठाऊक असूनही कोणी नाव घेत नाही. पोरे रस्त्यावर क्रिकेट खेळतात. आम्ही अर्ज केले, तेव्हा उत्तर मिळाले की ती जागा अजून ताब्यात आलेली नाही. म्हणून आपण आत्ताच एक वही घाला. आपल्या शिवारातल्या प्रत्येक ले-आउटचा गट नंबर, मंजुरीचा आदेश, मोकळ्या जागेचे आणि रस्त्यांचे क्षेत्र तीत उतरवा, आणि या जागा ग्रामपंचायतीच्या नावे लागल्या की नाहीत ते सातबाऱ्यावर तपासा. जी जागा नावावर आली नाही तिचा पाठपुरावा गाव शहरात जायच्या आधीच करा, नंतर दोन कार्यालये एकमेकांकडे बोट दाखवतात.

गुंठेवारीचेही तसेच. नोटरीवर घेतलेल्या तुकड्यांवर घरे बांधून बसलेली माणसे काही चोर नव्हेत. शहरात भाडे परवडत नाही म्हणून ती तिथे गेली. २००१ च्या गुंठेवारी कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना नियमित करून घेण्याची वाट मिळाली, पण शुल्क भरायचे म्हटले की माणूस बिचकतो. ही घरे नकाशात दाखवा, लपवू नका. लपवलेले घर उद्या रस्त्याच्या रेषेत सापडते.

पूर्वभागातली शिक्षिका

मला आपल्या दुसऱ्या प्रश्नावर लिहायचे आहे, कारण वरच्या दोन्ही उत्तरांत बोलणारा माणूस जमीनमालक किंवा घरमालक आहे असे गृहीत धरलेले दिसते.

मी ज्या भागात राहते आणि शिकवते तिथे घरी तेलुगू, बाजारात मराठी आणि शेजारी कन्नड किंवा उर्दू अशी रीत आहे. विकास आराखड्याची जाहीर सूचना जी भाषा बोलते ती मराठी घरातल्या माणसालाही दोनदा वाचावी लागते. यंत्रमागाच्या पाळीवरून आलेल्या, घरात तेलुगू बोलणाऱ्या माणसाने ती वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर शोधून वाचावी आणि मुदतीत लेखी हरकत द्यावी, ही अपेक्षा कायद्याला धरून असली तरी माणसाला धरून नाही. आपल्या दक्षिण तालुक्यात कन्नड बोलणारी घरे पुष्कळ आहेत. ग्रामसभेची नोटीस काढाल तेव्हा ती कन्नडमध्येही काढा, आणि नुसती फळ्यावर न लावता रिक्षावर भोंगा बांधून पुकारा करा.

वेळेचाही विचार व्हावा. ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला सकाळी होतात. विडी वळणाऱ्या बायकांचा दिवस विड्या पोचवून, त्यांची मोजणी आणि छाटणी होऊन, नवी पाने घेऊन घरी परतण्यात जातो. पाळीवरचा कामगार सकाळी झोपलेला असतो. शेतमजूर आणि भाडेकरू यांना तर आपल्याला बोलावले आहे असेच वाटत नाही, कारण त्यांच्या नावावर काहीच नसते. माझी सूचना अशी की एकच मोठी सभा घेण्याऐवजी वस्तीवस्तीत लहान बैठका संध्याकाळी घ्याव्यात, आणि बायकांची बैठक वेगळी घ्यावी. पुरुषांच्या बैठकीत रस्त्याची रुंदी आणि जमिनीचा भाव निघतो. बायकांच्या बैठकीत टँकर कुठे थांबतो, शौचालयाकडे जाताना अंधार कुठे असतो, पोरींची शाळा कोणत्या वर्गानंतर आणि का सुटते हे निघते. नकाशावर दोन्ही उतरले पाहिजे.

शहर बाहेर कसे जाते याबद्दल सोलापूरकरांनी कुंभारीकडे पाहावे असे मला वाटते. तिथे विडी कामगार बायकांच्या सहकारी संस्थेने १०,००० घरांची वसाहत उभी केली आणि २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधानांच्या हस्ते ती कामगारांच्या हाती आली. पुढे त्याच कुंभारीत रे नगरचा ३०,००० घरांचा प्रकल्प आला आणि त्यांतील १५,००० घरांचे लोकार्पण जानेवारी २०२४ मध्ये झाले. या कामगारांचे नेते आडम मास्तर (नरसय्या आडम) यांच्या आणि त्यांच्या पक्षाच्या राजकारणाबद्दल ज्याचे त्याचे मत असू दे. पण शहराच्या वाढीची दिशा नकाशाने ठरवली नाही, संघटित कामगारांनी ठरवली, असे हे आपल्याकडचे ठळक उदाहरण आहे, आणि हे सगळे महापालिकेच्या हद्दीबाहेर घडले. मात्र घर बाहेर गेले म्हणून काम बाहेर जात नाही. यंत्रमाग, विडी, धुणीभांडी, दवाखाना यांसाठी माणसाला अक्कलकोट रस्त्याने शहरातच यावे लागते, आणि रिक्षाचे भाडे रोजच्या मजुरीतून जाते. म्हणून आपल्या गावाच्या म्हणण्यात घरांइतकीच बसची आणि पायी चालायच्या वाटेची मागणी यावी. ती सहसा कोणीच करत नाही, कारण सभेला येणाऱ्यांकडे दुचाकी असते.

कोरडवाहू

माझी चार एकर जमीन आहे आणि तीही कोरडवाहू. वरच्या सगळ्यांनी चांगले लिहिले आहे, परंतु ज्याच्या जमिनीवर शाळा, बाग आणि रस्ता पडणार त्याचे काय, हे कोणी लिहिले नाही. आमच्या पाहुण्यांची शहरालगतची जमीन आरक्षणात गेली. ना ती महापालिकेने घेतली, ना त्यांना विकता आली. पोरीच्या लग्नाला कर्ज काढावे लागले आणि सातबाऱ्यावर कोट्यवधींची जमीन! 'लोकसहभाग' म्हणून गावाने एकत्र बसायचे आणि बहुमताने माझ्या बांधावर बगीचा काढायचा, असे होणार असेल तर मी त्या बैठकीला कशाला येऊ?

नगररचना योजना, म्हणजे सगळ्यांनी जमीन एकत्र करायची आणि रस्ते वगैरे वजा करून प्रत्येकाला विकसित प्लॉट परत द्यायचा, हा पर्याय चांगला असल्याचे कानावर येते. पण २० गुंठेवाल्याला १० गुंठे परत मिळणार असतील तर त्याने कशाला सही करावी, हे मला कोणीतरी समजावून सांगावे. आणि जो माझी जमीन अर्धेलीने कसतो त्याला त्यात काय मिळणार, हेही सांगावे.

निवृत्त नगररचनाकार

मालक, आपला राग रास्त आहे. आरक्षणात अडकलेल्या जमिनीबद्दल आपल्या पाहुण्यांना त्याच १९६६ च्या अधिनियमाचे कलम १२७ सांगा. आराखडा मंजूर झाल्यापासून १० वर्षांत जमीन घेतली नाही तर मालकाला खरेदीची सूचना देता येते, आणि ती मिळाल्यापासून २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण संपुष्टात येते. सूचना देताना मालकीची कागदपत्रे जोडलेली असावीत. कित्येक सूचना याच कारणाने फेटाळल्या जातात. अर्थात १० वर्षे वाट पाहणे हा काही उपाय नव्हे, आणि आरक्षण असे उठले की शाळेची जागाही जाते. त्यात मालकाचे नुकसान होते तसे गावाचेही होते.

नगररचना योजनेचे गणित क्षेत्रावर पाहू नये, किमतीवर पाहावे. रस्ता नसलेल्या, वेड्यावाकड्या आकाराच्या २० गुंठ्यांची किंमत आणि १२ मीटर रस्त्यावरच्या चौकोनी, बिगरशेती १० गुंठ्यांची किंमत यांची तुलना करावी. अहमदाबादच्या सरदार पटेल रिंग रोडची आणि त्याच्या भोवतालची वाढ याच पद्धतीने साधली, आणि आपल्याकडे पुण्याजवळ म्हाळुंगे-माण येथे महानगर प्राधिकरणाने अशी योजना हाती घेतली. या पद्धतीत एकाच्या बांधावर संपूर्ण बाग पडत नाही, घट सगळ्यांवर वाटली जाते. आपली शंका याच ठिकाणी उपयोगी पडते. योजनेबरोबर पुनर्वाटप आणि मूल्यांकनाचा एक तक्ता असतो; त्यात प्रत्येकाचा मूळ भूखंड, अंतिम भूखंड, दोन्हींची किंमत आणि मालकाने द्यायची किंवा त्याला मिळायची रक्कम मांडलेली असते. हा तक्ता गावात भिंतीवर लावा, वाचून दाखवा, आणि ज्यांचे क्षेत्र ठरावीक मर्यादेपेक्षा लहान आहे त्यांच्यासाठी घट कमी ठेवण्याची मागणी आधीच नोंदवा. पुढे प्रत्येक मालकाला लवादापुढे स्वतंत्रपणे म्हणणे मांडता येते. बटाईदाराचा प्रश्न मात्र या कायद्यात सुटत नाही. ज्याचे नाव हक्कपत्रात नाही त्याला योजना ओळखत नाही, आणि त्याच्यासाठी काही करायचे असेल तर ते गावाला आणि मालकाला स्वतःहूनच करावे लागेल.

एक सावधगिरीची सूचना. बाजारभाव चढता नसेल तर या योजनेतला फायदा कागदावरच राहतो. पुण्यालगतचा भाव गृहीत धरून सोलापुरात कोणी आकडे दाखवू लागला तर त्याला गेल्या तीन वर्षांतल्या आपल्याच शिवारातल्या खरेदीखतांच्या प्रती मागा.

कोरडवाहू

किमतीचे समजले. पण जो विकणार नाही, ज्याला ज्वारीच पेरायची आहे, त्याला चौकोनी प्लॉटचा काय उपयोग? शहर वाढणार म्हणजे मी विकणारच, हे कोणी ठरवले? आराखड्यात शेती म्हणून ठेवलेल्या पट्ट्याला पाणी, रस्ता, बाजार काहीच मिळत नाही; म्हणून तो आपोआप प्लॉटवाल्याकडे जातो. गावाच्या म्हणण्यात एक कलम माझ्याकडूनही घाला: ज्यांना शेती करायची आहे त्यांची रानेही नकाशावर दाखवा, आणि त्यांच्या पाणंदी प्लॉटिंगने अडवू नका.

शिवेवरचा

सर्वांचे मनापासून आभार. कोरडवाहूंचे कलम घालतो आणि शिक्षिका ताईंच्या सूचनेप्रमाणे वस्तीवार बैठका व कन्नडमधली नोटीस हे ठरवून टाकतो. ले-आउटची वही तलाठी कार्यालयातून उतारे घेऊन सुरू करता येईल.

एक नेमका प्रश्न उरला आहे. आमच्या ओढ्याची बाब सर्वेक्षणापर्यंत थांबणारी नाही, कारण आणखी एक प्लॉटिंग वरच्या अंगाला होऊ घातले आहे. सध्या आमच्यावर महापालिकेचा आराखडा लागू नाही. मग ओढा होता हे सिद्ध करायचे कशाच्या आधारे, आणि सांगायचे कोणाला? दुसरे असे की आमच्या बाजूला होटगी रस्त्यावरच्या विमानतळामुळे इमारतींच्या उंचीवर निर्बंध आहेत असे म्हणतात. गावाच्या नकाशात त्याची नोंद करावी काय?

हद्दवाढकर

ओढ्यासाठी गाव नकाशा मागा. भूमी अभिलेख कार्यालयात जुना गाव नकाशा मिळतो आणि त्यावर ओढे, नाले, गाडीवाटा रेखलेल्या असतात. सातबाऱ्यावर पोटखराब्याचे, म्हणजे पिकाखाली न येणाऱ्या जमिनीचे, क्षेत्र किती लिहिले आहे तेही पाहा. ओढ्याकाठच्या गटांत ते हमखास असते. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन जा, पुराचे पाणी कुठवर चढायचे ते झाडांच्या आणि विहिरींच्या खुणांवरून ते दाखवतील. त्या खुणा नकाशावर मांडून तारखेसह फोटो घ्या. आमच्याकडे हे कोणी केले नाही, आणि आता मोठा पाऊस झाला की ओढ्याच्या जागेवरच्या घरांत पाणी शिरते आणि तिथले लोक नशिबाला दोष देतात.

निवृत्त नगररचनाकार

त्यात एवढीच भर घालतो. हद्दीबाहेर बिगरशेती आणि ले-आउट यांची प्रकरणे महसूल व नगररचना खात्यांकडे असतात, म्हणून तहसीलदार आणि जिल्हाधिकारी यांच्याकडे ग्रामपंचायतीच्या ठरावासह अर्ज करावा, सोबत गाव नकाशाची प्रमाणित प्रत आणि बुजवलेल्या भागाचे गट नंबर द्यावेत. नैसर्गिक प्रवाह अडवला आहे एवढीच एक तक्रार त्या अर्जात ठेवावी. प्लॉट बेकायदा आहे, कर चुकवला आहे, मालक अमुक पक्षाचा आहे हे मुद्दे त्यात आणले तर अर्ज भलत्याच टेबलावर जाऊन पडतो. वरच्या अंगाच्या नव्या प्लॉटिंगला मंजुरी मिळण्यापूर्वी हा अर्ज दाखल झाला पाहिजे, म्हणजे मंजुरीच्या टिपणीत त्याचा उल्लेख करणे अधिकाऱ्याला भाग पडते. पोचपावतीवर आवक क्रमांक घ्या.

विमानतळाच्या उंचीच्या निर्बंधांची नोंद अवश्य करा. जून २०२३ मध्ये त्याच परिसरातली साखर कारखान्याची चिमणी विमानांना अडथळा ठरते म्हणून पाडली गेली, तेव्हा हा विषय घराघरांत पोचला. त्याआधी कित्येक वर्षे तो केवळ फायलींत होता. आपल्या गटांना प्रत्यक्ष किती उंची लागू आहे हे विमानतळ प्राधिकरणाच्या रंगीत विभाग नकाशावरून कळते. प्लॉट घेणाऱ्यांना तो ग्रामपंचायतीत पाहायला मिळेल अशी व्यवस्था केली तर निम्मे तंटे वाचतील.